चि. दत्तात्रेय यांस, मामाकडून सप्रेम

थळला एका मुंबईकर शेठच्या बंगल्यात पत्र्याच्या छपराचं पक्कं गॅरेज होतं, पण त्यात मोटार कधी शिरली नाही. शेठने हौसेने आधी गॅरेज बांधलं, मग मोटार घेतली, आणि मग त्यांना कुणीतरी सांगितलं की रेवसच्या लाँचमध्ये मोटार मावत नाही. तेव्हापासून मोटार मुंबईत उघड्यावर उभी आणि गॅरेज थळला रिकामं. रिकामं हे आपलं शेठच्या समजुतीत. प्रत्यक्षात अर्ध्या गॅरेजात शेजारच्या तुळशीराम कोळ्याची जाळी आणि वल्ही, आणि उरलेल्या अर्ध्यात नलूचा पाळणा.

नलू म्हणजे दत्तात्रेय नागावकर मास्तरांची बायको. मास्तर अलिबागच्या हायस्कुलात सायन्स शिकवत आणि बंगल्यावर लक्ष ठेवायच्या बोलीवर मागच्या दोन खोल्यांत राहत. त्या खोल्यांचे वासे पाळण्याचा भार पेलतील असं कुणाला वाटेना, म्हणून आठ महिन्यांच्या रंगूचा लाकडी पाळणा गॅरेजातल्या लोखंडी आकड्याला टांगलेला. हा आकडा शेठनी मोटारीचं इंजिन उचलायला बसवला होता. खाऱ्या वाऱ्याने तो गंजला, त्यामुळे पाळणा जाताना ‘कुई’ करी आणि येताना ‘कुर्र’. नलू दर शनिवारी सांगे, “अहो, येताना कडीला तेल आणा.” मास्तर दर शनिवारी नेमाने विसरत.

अशा या गॅरेजात मास्तरांनी हौशी बिनतारी केंद्र उभारायचं ठरवलं.

म्हणजे काय, ते नलूला समजायला एक आठवडा लागला आणि थळ गावाला ते शेवटपर्यंत समजलं नाही. सरकारचा परवाना काढायचा, यंत्र मांडायचं, आणि जगातल्या कुठल्याही अनोळखी माणसाशी घरबसल्या बोलायचं. तेही तोंडाने नव्हे, बोटाने. एक पितळी दांडी दाबायची. आखूड दाबली की ‘पिप’, लांब दाबली की ‘पीऽप’, आणि या दोहोंतूनच इंग्रजीची सगळी अक्षरं.

“आणि बोलायचं काय?” नलूने विचारलं.

“विशेष काही नाही. आपलं नाव सांगायचं, गावाचं नाव सांगायचं, हवा कशी आहे ते सांगायचं.”

“ते तर भागुबाई रोज सांगते. परवान्याशिवाय.”

मास्तर दुखावले. पण मास्तर दुखावले की ओरडत नसत. चष्मा काढून पुसत. तो त्यांनी इतका वेळ पुसला की नलूलाच वाईट वाटलं आणि ती म्हणाली, “बरं, माझी काय मदत होईल ते सांगा.” या एका वाक्याची किंमत काय पडणार आहे, हे तेव्हा तिला माहीत नव्हतं.

यंत्र मुंबईच्या चोरबाजारातून आलं. लढाईत वापरलेलं, हिरवट रंगाचं, वासराएवढं जड. ते बैलगाडीतून उतरवताना तुळशीरामची बायको भागुबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

“कनचं गो हे, मास्तरीण?”

“लढाईतलं आहे. यातून लांबच्या माणसांचं ऐकू येतं.”

“लढाईतलं?” भागुबाईने पदर डोक्यावर घेतला. “मंग त्यात मेलेल्यांबिगर कोन बोलनार हाय? पोरीला रातची इथं निजवू नको.”

गावात वीज नव्हती, म्हणून यंत्राला मोटारीची बॅटरी जोडायची ठरली. दर रविवारी बॅटरी चार्ज करायला गाडीतून अलिबागला जाई आणि मास्तर तिच्या शेजारी, वऱ्हाडातल्या करवलीसारखे, तिला धरून बसत. नलूच्या मनात आलं, चला, मोटारीचा एक अवयव तरी या गॅरेजात आला.

मग एरियल. दोन माडांच्या मधे सहासष्ट फूट तांब्याची तार ताणायची होती. माडावर कोण चढणार आणि दर वेळी कोण उतरवणार, यावर तुळशीरामने तोडगा काढला. त्याने दोन्ही माडांच्या शेंड्याखाली होडीच्या शिडाला असते तशी कप्पी बांधली. दोर ओढला की तार वर, सोडला की तार खाली. “शीड वर चरवायचं तसं,” तो म्हणाला. मास्तरांनी त्याला मिठी मारायचीच बाकी ठेवली. भागुबाई मात्र त्या तारेकडे फार विचारपूर्वक बघत राहिली, आणि तिच्या त्या बघण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

आता राहिली परीक्षा. परवान्यासाठी मुंबईला जाऊन मिनिटाला बारा शब्द पाठवायचे आणि बारा शब्द ऐकून लिहून दाखवायचे. शाळेतून आल्यावर मास्तर गॅरेजात सरावाची दांडी घेऊन बसत. तिला छोटी घंटी जोडलेली, तिचा आवाज फार तर माडांपर्यंत जाई. नलू एका पायाने पाळण्याची दोरी ओढी आणि हातात पुस्तक धरून त्यांचं बरोबर-चूक बघे. नलू सातवी फायनल झालेली, इंग्रजी अक्षरांपुरतं तिला येत होतं. महिन्याभरात एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली: रंगू या पिप-पीऽपवर झोपते. अंगाई नको, थोपटणं नको. ठोके सरळ पडत असले की तिच्या पापण्या मिटत; ठोका चुकला की ती डोळे उघडी आणि दुसरा चुकला की भोकाड पसरी. एवढी कडक परीक्षक मुंबईच्या कचेरीतही नसेल. मास्तर पाठवायला लागले की रंगू साधारण तिसऱ्या वाक्याला उठे. मग ते हात झाडत बाहेर जाऊन येरझाऱ्या घालत, आणि नलू मुकाट दांडी ओढून घेई आणि पोरगी झोपेपर्यंत पुस्तकातलं जे समोर असेल ते पाठवत राही; थोड्या वेळाने मास्तर परत येऊन पाळण्याशेजारी बसत आणि तेच ठोके ऐकून लिहून काढत. स्वयंपाक खोळंबलेला असे, दुसरं काय करणार. आपण काही शिकतो आहोत असं तिच्या मनातही नव्हतं. ती पोरीला निजवत होती.

एकदा पुस्तक बघता बघता तिने विचारलं, “हे डी आणि ई जोडून सारखं काय येतं?”

“ते ‘कडून’. आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग डी-ई, मग आपलं नाव. अमक्याला, तमक्याकडून.” आणि मग जरा थांबून मास्तर म्हणाले, “तू पाठव की एकदा माझं नाव.”

“काहीतरीच.”

नलू नवऱ्याचं नाव घेत नसे. तिच्या आईने घेतलं नव्हतं, आजीने घेतलं नव्हतं, आणि घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं हे सगळ्या आळीला माहीत होतं. नलूचा त्यावर फार विश्वास होता असंही नाही. पण जी गोष्ट खोटी असली तर तोटा नाही आणि खरी असली तर भरून न येणारा आहे, ती कशाला करून बघा. लग्नात उंबऱ्यावर तिने एकदाच उखाण्यात घेतलं होतं, आणि नेमकं त्याच क्षणी ताशेवाल्यांनी ताशा बडवला. मास्तर अजून म्हणत, “आमचा पहिलाच संदेश, तोही गोंगाटात गेला.” हसत म्हणत. पण चार वर्षांत त्यांनी ते बरेच वेळा म्हटलं होतं.

मास्तर परीक्षेत नापास झाले. पाठवण्यात कसेबसे निभावले, पण ऐकून लिहिण्यात कागद कोरा. सहा महिन्यांनी पुन्हा गेले, पुन्हा कोरा. रेवसहून परत येताना लाँच लागल्यासारखा चेहरा करून आले.

“घरी तर सगळं लिहिता तुम्ही,” नलू म्हणाली.

“तिथे काहीतरी कमी पडतं गं. ठोके ऐकू येतात, पण हाताला लागत नाहीत. चुन्यावाचून विडा रंगत नाही तसं.”

गावाला बातमी लागायला वेळ लागत नाही. पोस्टमास्तर बाळाजीपंत सल्ला द्यायला आले की रोज पहाटे उपाशीपोटी खडीसाखर चघळावी, कान मोकळे होतात. शाळेत पोरं बाकावर पिप-पीऽप वाजवू लागली. आणि परवाना देणाऱ्या खात्याकडून कागद आला की नागावकर यांची फाइल बंद करण्यात येत आहे. नव्याने अर्ज केल्यास पोलीस चौकशीअंती एकवार शेवटची संधी देता येईल. मास्तरांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. त्या दिवशी नलूने ठरवलं की या माणसाला हा परवाना मिळालाच पाहिजे. त्याशिवाय हा चष्मा काही शिल्लक राहत नाही.

नवा अर्ज गेला. चौकशीला कोंडाजी हवालदार आला, तेव्हा मास्तर शाळेत होते.

“अर्जदाराचं नाव?” हवालदाराने वही उघडली.

नलू पदराशी चाळा करत उभी राहिली.

“नाव सांगा बाई. नावाबिगर चौकशी व्हत न्हाय.”

नलूने इकडेतिकडे पाहिलं. सांगायला शेजारी कुणी नव्हतं. मग तिला सुचलं, आणि सुचलं याचा तिला त्या वेळी अभिमानही वाटला. आत जाऊन तिने लग्नातला पितळी तांब्या आणला आणि त्यावर कोरलेलं नाव हवालदारापुढे धरलं. कोंडाजी कामाला चोख माणूस. समोर आलेली एकही गोष्ट तो गाळत नसे. त्याने तांब्या फिरवत फिरवत सगळी अक्षरं वहीत उतरवून घेतली, तांब्यातलं पाणी प्याला आणि गेला.

तांब्यावर लिहिलं होतं: ‘चि. दत्तात्रेय यांस, मामाकडून सप्रेम’.

पुढे कुठल्याशा कचेरीत कुठल्याशा कारकुनाने, मूळ अर्ज न बघता, त्याचं इंग्रजी केलं. ‘चि.’ आणि ‘सप्रेम’ त्याला अनावश्यक वाटलं. दत्तात्रेयचा डी, यांसचा वाय, आणि आडनाव ज्या जागी असतं त्या जागी आडनाव. खात्याचं पत्र निघालं ते ‘मिस्टर डी. वाय. मामाकडून, गॅरेज, थळ’ या पत्त्यावर. बाळाजीपंतांनी ते अकरा दिवस ठेवून घेतलं. “थळात मामाकडून नावाचं घराणंच नाही,” ते ज्याला त्याला सांगत, “चौलला असतील.” बाराव्या दिवशी, एका रविवारी, त्यांना पत्त्यातला ‘गॅरेज’ हा शब्द दिसला आणि गावात गॅरेज एकच आहे हे आठवलं. ते पत्र घेऊन धापा टाकत आले. आत लिहिलं होतं की खात्याचे साहेब कामानिमित्त अलिबागला येत असून, श्री. मामाकडून यांचं केंद्र तपासून त्यांची परीक्षाही तिथेच घेतील. तारीख त्याच दिवसाची. वेळ दुपारी दोन.

घड्याळात पावणेदोन झाले होते.

अलिबागहून बॅटरी घेऊन नुकतेच परतलेले मास्तर धावत माडांकडे गेले आणि तिथेच थांबले. सहासष्ट फूट तारेवर, या माडापासून त्या माडापर्यंत, ओले बोंबील वाळत होते. दोन-दोन बोंबील, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने तारेवर टाकलेले. शंभर तरी जोड्या असतील.

“भागुबाई,” मास्तर म्हणाले. त्यांनी तारेकडे बोट दाखवलं.

“काय झालं?” भागुबाईला खरोखरच काही कळेना. “येवढी चांगली तार. वर वारा, खाली मांजर पोचत न्हाय. रोज सकाली उतरवते, बोंबील घालते, पुन्हा वर चरवते, सांजच्याला काढते. तुमचं यंतर आमच्या जाल्यांच्या जाग्यावर बसलंय, मी बोलले काय कवा? मंग आमचे बोंबील तुमच्या तारंवर बसले तर तुमाला कनाला राग?”

तार खाली घ्यायला मास्तरांनी घाईत दोर सोडायचा तो ओढला, आणि पहिलाच बोंबील शेपटीसकट कप्पीत गेला आणि कप्पी बसली. तुळशीराम समुद्रात. नारळ काढणारा बुधाजी लग्नाला मुरुडला. मास्तरांनी चष्मा नलूच्या हातात दिला, धोतराचा काचा मारला आणि आयुष्यात पहिल्यांदा माडावर चढायला लागले. त्यांचे पाय पानांत दिसेनासे झाले त्याच वेळी फाटकाची कडी वाजली.

साहेब किडकिडीत, हातात कातडी पेटी, घामाघूम. “मिस्टर मामाकडून?”

नलू रंगूला काखेत घेऊन पुढे आली आणि तिने जमेल तेवढं सांगितलं. तांब्या आणून दाखवला. साहेबांनी तांब्या वाचला, हातातला कागद वाचला, पुन्हा तांब्या वाचला. ते हसले नाहीत. सरकारी कागदावर हसायची त्यांना सवय नसावी.

“म्हणजे मामाकडून नावाचा इसमच नाही.”

“नाही.”

“मग मी कुणाची परीक्षा घेऊ, बाई? इसम नाही म्हणजे अर्ज नाही. फाइल बंद करावी लागेल.” त्यांनी पेन काढलं. “का कागद दुरुस्त करू? तसं करायचं तर घरातल्या जबाबदार माणसाने पूर्ण नाव सांगायला हवं. तांब्याने नव्हे, माणसाने. आडनाव?”

“नागावकर,” नलू चटकन म्हणाली. आडनावाला काही आडकाठी नव्हती; ते आता तिचंही होतं.

“आणि नाव?”

नलूने तोंड उघडलं. तिला दिसत होतं की हे एक नाव उच्चारलं की सगळं मिटतं. पण नाव घेतल्याने माणसाचं आयुष्य कमी होतं म्हणतात, आणि ज्याचं घ्यायचं तो माणूस नेमका या घटकेला, चष्म्याशिवाय, चाळीस हात उंचीवर, एका हाताने बोंबील सोडवत होता. इतर कुठल्याही दिवशी घेतलं असतं. आजच कसं घ्यायचं?

“बाई, मला चारची गाडी आहे.” पेन कागदाला टेकलं.

“बोल गो,” भागुबाई दारातून म्हणाली. “मीच बोलले असते, पन मना ‘मास्तर’च ठावं हाय.”

नलूने रंगूला भागुबाईच्या हातात दिलं. गॅरेजात गेली, सरावाच्या दांडीपाशी बसली, आणि मान खाली घालून तिने ठोके द्यायला सुरुवात केली. लांब, आखूड, आखूड. आखूड, लांब. मग एकच लांब, मग आणखी एक. पोरीला निजवताना असतात तसे सरळ, सावकाश, एकमेकांना धक्का न लावणारे.

साहेबांचं पेन त्यांना न विचारताच चालू लागलं. वीस वर्षांची सवय. शेवटचं अक्षर आलं तेव्हा त्यांनी कागदाकडे पाहिलं. डी, ए, टी, टी, ए, टी, आर, ई, वाय, ए.

“दत्तात्रेय,” ते म्हणाले.

नलूने मान हलवली. भागुबाईच्या खांद्यावर रंगू पेंगायला लागली होती. आणि वरून माडाच्या बुंध्याशी धप्पकन काहीतरी पडलं. नलूने धावत जाऊन बघितलं तर बोंबलांची एकच जोडी होती. वर पानांत मास्तरांचा चेहरा दिसत होता. ते बोंबील सोडवायचे थांबले होते आणि माडाला दोन्ही हातांनी कवटाळून, मान वाकडी करून, नुसते खाली ऐकत होते.

मास्तर उतरले, छाती-पोटऱ्या खरचटलेल्या, अंगाला बोंबलाचा वास. कागद दुरुस्त झाला. परीक्षा सुरू झाली. साहेब पेटीतल्या दांडीवरून पाठवू लागले आणि मास्तर पेन्सिल घेऊन बसले. आणि बसूनच राहिले. कपाळावर घाम, कागद कोरा. नलूला दाराआडून ती कोरी बाजू दिसत होती. साहेबांनी एकदा घड्याळ पाहिलं. तेवढ्यात या परक्या हाताच्या ठोक्यांनी रंगू दचकून उठली आणि तिने सूर लावला. नलूने घाईने तिला पाळण्यात टाकलं आणि दोरी ओढली.

कुई. कुर्र.

मास्तरांची पेन्सिल हलली.

कुई. कुर्र. एक शब्द. दुसरा. आता ती थांबेचना. नलू बघत राहिली आणि हळूहळू तिच्या ध्यानात आलं की या माणसाने एवढे महिने जे ऐकलं ते या कुरकुरीवर ऐकलं. मुंबईच्या त्या शांत कचेरीत कमी पडत होतं ते हेच. रंगू केव्हाच झोपली. नलू दोरी ओढतच राहिली, पाठ भरून आली तरी.

साहेबांनी कागद तपासला. मग पाळण्याकडे पाहिलं, वरच्या गंजलेल्या आकड्याकडे पाहिलं.

“नियमांत पाळण्याची तरतूद नाही,” ते म्हणाले. “पण मनाईही नाही. पास आहात, नागावकर.” आणि मग, पेटी बंद करता करता, “वहिनींचा हात तुमच्याहून बरा आहे. त्यांचाही अर्ज पाठवा. नाव मात्र तोंडाने सांगा त्यांचं, हवालदार आला तर.”

भागुबाईने साहेबांना निघताना वर्तमानपत्रात बांधून बोंबील दिले. “अर्धे सुके हायेत,” ती म्हणाली. “बाकीचे यांनी सुकू दिले न्हाईत.”

सोमवारी शाळेतून येताना मास्तर चक्क तेलाची बाटली घेऊन आले. नलूने ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि थेट तुळशीरामला दिली, कप्पीसाठी. कडीला एक थेंबही लावू दिला नाही.

मास्तर गॅरेजात बसून राहिले. यंत्र समोर होतं, पण परवाना टपालाने यायचा होता आणि तो बाळाजीपंतांच्या हातून यायचा होता, तेव्हा घाई नव्हती.

“काल मी वर होतो ना,” ते म्हणाले, “वारा फार होता. पहिली दोन-तीन अक्षरं गेलीच माझी. पुन्हा ताशाच.”

नलूला माहीत होतं की एकही अक्षर गेलेलं नाही. बोंबील त्यांच्या हातून सुटले ते शेवटच्या ए नंतर, नाव पुरं ऐकून. पायाने दोरी ओढत तिने सरावाची दांडी जवळ घेतली. बाहेर भागुबाई दोर ओढत होती. तार वर चालली होती, आणि सोमवार ते शनिवार बोंबील, रविवारी बिनतारी, असा करार झाला होता.

नलूने ते नाव पाठवलं, दहाच्या दहा अक्षरं. मास्तरांनी पेन्सिल उचलली नाही. नुसते डोळे मिटले. त्यांना वाटलं, संपलं. पण ठोके थांबले नव्हते. पुढे एक डी आला, एक ई आला, आणि त्यापुढे चार अक्षरं, जी सहासष्ट फुटांपलीकडे कुणालाच कधी ऐकू जाणार नव्हती.

दत्तात्रेय यांस, नलूकडून.

रंगूने झोपेत कूस बदलली. पाळणा कुरकुरत राहिला.